उजवी बाजू

एटापल्ली
१९ मे

चि. उर्वशीस,
वच्छलाचा आशीर्वाद.

तू फोन उचलत नाईस. रिंग पूर्ण वाजते आणि बंद होते. मायच्या फोनवर केला तर माय म्हणते, उर्वशी बोडीवर पाण्याले गेली, उर्वशी अंगणात आहे. म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. कागद तरी हातात घेशीन.

प्रवीणची तेरवी करून मी इकडं परत आली तवापासून रोज दुकान उघडते. झेरॉक्स काढते, पासपोर्ट फोटो काढते. लोक समोर स्टुलावर बसतात आणि मी म्हणते, हनुवटी जरा वर. माझा एकुलता एक भाऊ मोह वेचायले गेला आणि वाघाच्या तोंडी गेला, आणि मी लोकांच्या हनुवट्या वर करून राह्यली.

परवा गावातून देवरावभाऊनं फोन केला. म्हणे, वाघावर नजर ठेवायले गावात पथक केलं, वनखात्यानं त्याले एक कॅमेरा दिला, तो उर्वशीनं घेतला. माझ्या हातातला कागद हातातच राह्यला. मनात म्हणलं, हे खरी आमच्या घरची सून. ज्या वाघिणीनं प्रवीणले धरलं तिले आता तूच हुडकून काढशीन. पोटातली आग विझू देऊ नको.

कॅमेरा कोणता आहे, कसा आहे, ते सगळं लिही. बारा वर्षं झाली मले या धंद्यात. तुझे भाऊजी लग्नाचे फोटो काढतात आणि दुकानातलं सगळं मी पाहते. मले विचारशीन ते सांगीन.

मायकडं पाहजो.

तुझी
वच्छलाबाई

---

चिखलटोला, ता. नागभीड
२ जून

ती. वच्छलाबाईंना नमस्कार.

पत्र भेटलं. फोनचं मनावर घेऊ नका. फोनवर समोरचं माणूस थांबून राहते, मी काही म्हणीन म्हणून. मग मले काहीच येत नाई. लिहितानी कोणी थांबून नसते.

आग म्हणता तशी काही नाई, बाई. समाजमंदिरात मीटिंग होती. वनखात्याच्या मोनाली मॅडमनं कॅमेरा वर धरला आणि विचारलं, कोण सांभाळते? सगळे एकमेकांकडं पाहत होते. माझे हात रिकामे होते, म्हणून मी घेतला.

कॅमेरा लहान आहे. साबणाच्या दोन वड्या जोडल्या तर जेवढं होईन तेवढा. बंद असला तर नुसता डबा वाटते. चालू केला की आवाज करत तोंड पुढं येते, नळीतून नळी, तिच्यातून अजून एक नळी. बटणाभोवती एक कडं आहे. ते फिरवलं की लांबचं जवळ येते. बोडीच्या त्या काठावरचा बगळा पाह्यला तर त्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं दिसलं. पण फोटो काढला की सगळं हललेलं. माकडं काढली, मोर काढला, सगळे धुरासारखे. ऊन पडलं की मागच्या काचेत माझंच तोंड दिसते.

आता कामाचं सांगते. खात्याचे कॅमेरे झाडाले बांधलेले असतात. आम्ही मोह वेचायले गेलो त्या सकाळी वाटेवरच्या एकात वाघ आला. एकच फोटो आहे, उजव्या कुशीचा, तोंड नाई. नर का मादी तेबी कळत नाई. मॅडम म्हणे, माणसाच्या अंगठ्याचं जसं असते तसंच वाघाच्या पट्ट्यायचं, एकाचे दुसऱ्यासोबत जुळत नाईत. आणि एकाच वाघाची डावी कूस वेगळी, उजवी वेगळी. नाल्यात दोन पिल्लांची वाघीण राहते. गाव म्हणते तेच आहे. पण तिच्या उजव्या बाजूचा फोटो कोणापाशीच नाई. तो भेटला आणि जुळला तर तिले धरून नेतीन.

तो फोटो मले प्लास्टिकात बसवून दिला आहे. मी तो फडताळात ठेवते. मायले दिसू देत नाई.

माय बरी आहे. सकाळी दोन चहा करते. एक थंडा होतो. मग तोबी तेच पिते.

तुमची
उर्वशी

---

एटापल्ली
१४ जून

चि. उर्वशीस आशीर्वाद.

तू लिहिलेलं भाऊजींना वाचून दाखवलं. असा कॅमेरा त्यांच्यापाशी होता. दिसायले खिशातला, नजर मैलाची. पण त्याले धरायची रीत वेगळी आहे. नीट वाच.

मोबाइलसारखा हात लांब करून धरू नको. वरच्या कोपऱ्यात डोळा लावायची बारीक खिडकी असीन, ती डोळ्याले लाव आणि कॅमेरा कपाळाले टेकव. उन्हातबी दिसीन आणि कॅमेरा तुझ्या डोक्यासोबत एक होईन. दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट. झाड असलं तर खांदा त्याले लाव. जितकं लांबचं जवळ आणशीन तितका हात जास्त हलते, हे ध्यानात ठेव. बगळा तिथीच असते, तुझा श्वासच त्याले हलवते.

बटण अर्धं दाब. चौकोन हिरवा झाला की श्वास सोड, आणि सोडून झाल्यावर बाकीचं अर्धं दाब. झटका नको.

कडं फिरवताना एक पट्टी दिसते, तिच्यावर रेघ असते. रेघेच्या पुढं जाऊ नको. तिथून पुढं काच काही आणत नाई, मशीन नुसतंच ताणते. पट्टे फाटून जातीन.

नळीच्या बाजूले एक लहान बटण असीन. लांबचं पाहता पाहता जनावर हरवलं तर ते दाबून धर. मशीन मागं येते, सगळं रान दिसते, आणि मधात चौकट येते. जनावर चौकटीत घे, बटण सोड, परत जवळ जाते. टूं टूं आवाज बंद कर. अंधारात समोर लाल दिवा लागते तोबी बंद कर, जनावर दिवा पाहते. भाताचं कुसळ नळीत जाऊ देऊ नको, नाई तर तोंडच उघडणार नाई.

प्रवीणचा हार घालायचा फोटो मीच केला हे तुले माहीत आहे. मोबाइलात त्याचा एकट्याचा धड फोटो एकबी नव्हता. लग्नाच्या घोळक्यातून कापला. त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता, तो पुसला आणि तिथी शर्ट भरला. तुझाच हात असीन. पुसतानी ध्यानात आलं नाई.

तिचा फोटो काढ, उर्वशी. बाकी मले काही नको.

वच्छलाबाई

---

चिखलटोला
११ जुलै

ती. वच्छलाबाईंना नमस्कार.

तुम्ही सांगतलं तसं करून पाह्यलं. आता फोटो हलत नाईत.

इकडं धानाचे रोवणे चालू आहेत. बाया बांधीच्या चिखलात वाकलेल्या असतात आणि पथकाचा एक जण कडेच्या धुऱ्यावर डबा वाजवत उभा राहते. मी बोडीच्या पाळीवर, लाकडं बांधून केलेल्या माळ्यावर बसते. सोमवारी सकाळी पाऊस थांबला आणि वाघीण पलीकडच्या काठावर पाण्याले आली. पिल्लं मागं होती. मी खिडकी डोळ्याले लावली, खांदा खांबाले लावला. पहिले नुसतं गवतच दिसत होतं. बाजूचं बटण दाबलं, सगळं मागं आलं, ती चौकटीत आली, सोडलं. एकदम समोर. तिच्या कानामागचा पांढरा ठिपका दिसला, जिभेवरून पाणी पडतानी दिसलं. श्वास सोडला आणि दाबलं. मग मशीन काळं झालं, फोटो आत ठेवत होतं. परत दिसायले लागलं तवा ती गेली होती.

मोनाली मॅडम पाहून म्हणे, "ताई, फोटो एक नंबर आला."

मी म्हणलं, "मग?"

म्हणे, "पण बाजू डावी आहे."

माय विचारत होती, तिले पाहून काय वाटलं तुले? मी म्हणलं, ओली होती. मायनं माझ्याकडं पाह्यलं आणि मग चूल पेटवायले लागली.

मॅडमनं फोटोची प्रत दिली, ती सोबत पाठवते. तुम्ही म्हणलं होतं म्हणून.

माहेरून भाऊ आला होता. लेकरू नाई, वाघाचं गाव आहे, चल म्हणे. मी हो पण म्हणलं नाई, नाई पण म्हणलं नाई. तो जेवून गेला.

उर्वशी

---

एटापल्ली
२४ जुलै

उर्वशी,

फोटो पाह्यला. दुकान बंद केलं त्या दिवशी.

किती आरामात पाणी पिऊन राह्यली ती. लेकरं घेऊन. माझ्या मायचं लेकरू खाऊन.

आता माझं ऐक. डावी का उजवी हे खात्याचं काम झालं. त्या सकाळी तू तिथीच होती ना, चार झाडं सोडून? मग तू सांग, मी डोळ्यांनं पाह्यली, हेच होती. तुझं कोण खोटं म्हणणार? देवरावभाऊ सांगत होते, सगळं गाव एका तोंडानं बोलते, फक्त तू बोलत नाईस. खात्यानं त्याच फोटोवर अडून राहू नये म्हणून तुझा शब्द पाह्यजे आहे.

आणि पुढं कधी उजव्या बाजूचा फोटो निघाला, आणि समज, तो जुळला नाई, तर तो निघालाच नाई असं धर. मागं कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह आहे, ते दाब. मशीन विचारते, पुसायचा का? हो म्हण. मी दुकानात दिवसातून किती वेळा करते. डोळे मिटलेले आले की पुसायचं. कोणाले कळते?

लोकांच्या बाया वावरात वाकतात, तुझ्या माझ्या सारख्याच. एक वाघीण गेली तर कोणाचं काय जाते? हे पाप असलं तर माझ्या माथी.

तुले राग काऊन येत नाई मले समजत नाई. तो माझा भाऊ होता, पण तुझा नवरा होता.

वच्छला

---

चिखलटोला
३० ऑगस्ट

ती. वच्छलाबाईंना नमस्कार.

उत्तराले उशीर झाला. तुम्ही विचारलं त्याचं पहिले सांगते. मी त्या सकाळी काही पाह्यलं नाई. मी टोपलीत फुलं टाकत होती. त्याले आवाज दिला, पाणी पितो का म्हणून. ओ आली नाई. बस, एवढंच. वाघ नाई, आवाज नाई. तेवढ्यात माझी टोपली अर्धी भरून झाली होती.

मीटिंग पुन्हा झाली. देवरावभाऊ सगळ्यांसमोर म्हणे, "वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी आम्ही पाहतो."

मी म्हणलं, "मी पाह्यलं नाई, भाऊ."

"पाह्यलं नाई तरी अंदाज असीनच ना?"

"नाई."

मग सतरंज्या उचलल्या.

पोळ्याच्या आधी ती पुन्हा आली. यावेळी पाळीच्या या बाजूनं, माझ्या माळ्यापासून लांब नव्हती. रेघेपर्यंत जायची गरजच पडली नाई. उजवी कूस पूर्ण, ऊन पडलेलं. तीन फोटो निघाले. ती गेल्यावर मी प्लास्टिकातला फोटो मांडीवर ठेवला आणि मशीनमधला मोठा करून पाह्यला. प्लास्टिकातल्या वाघाच्या शेवटच्या बरगडीवर पट्टा खाली येते आणि त्याले दोन फाटे फुटतात, पळसाच्या डहाळीसारखे. हिच्या तिथी दोन सरळ पट्टे आहेत, आणि मधात जागा. तीनही फोटोत.

तुमचं पत्र मले पाठ होतं. मी डब्याचं चिन्ह दाबलं. मशीननं विचारलं. हो आणि नाई दोन्ही समोर आलं, आणि माझा अंगठा वरच राह्यला. बाई, मी तिची दया केली असं समजू नका. पिल्लांचा पण विचार केला नाई. तुमच्यासारखा राग माझ्यात असता तर मी दाबलं असतं. खोटं करायले पण अंगात काही तरी लागते. माझ्यात काही नव्हतं. मी मशीन बंद केलं, नळी आत गेली, खाली उतरली आणि मोनाली मॅडमले देऊन आली.

वाघिणीले आता धरत नाईत. नाल्याकडं कोणी जाऊ नये म्हणून दोरी बांधली आणि पथकाची माणसं वाढवली.

गावानं माझ्यासोबत भांडण केलं नाई. पण निंदणाले बाया रांगेत उभ्या राहतात तवा माझ्या दोन्ही बाजूची जागा मोकळी राहते. वच्छलाबाई, त्यायचं खोटं नाई. वाघीण इथीच आहे आणि त्यायले रोज वाकायचं आहे.

मायले मीच सांगतलं. माय म्हणाली, बरं. मग म्हणाली, भात वाढ.

उर्वशी

---

एटापल्ली
२० ऑक्टोबर

उर्वशी,

पत्र भेटलं होतं. लिहायले काही नव्हतं म्हणून लिहिलं नाई.

दिवाळीले मी येणार नाई. दुकानात गर्दी असते. मायले फोनवर सांगतलं आहे की तुले माहेरी जायचं असलं तर अडवू नको. तुझा भाऊ चांगला माणूस आहे. मायले मी इकडं आणीन. तुझं वय नाई तिथी बसून राहायचं, आणि आता तिथी तुझं असं कोणी राह्यलं पण नाई.

तो कॅमेरा खात्याले परत करून दे.

वच्छला

---

चिखलटोला
७ डिसेंबर

ती. वच्छलाबाईंना नमस्कार.

तुम्हाले देवरावभाऊनं फोनवर सांगतलंच असीन. तरी मी लिहिते, कारण मी तिथी होती.

धान कापणी सुरू असतानी नाल्याच्या पल्याड, दोन गावं सोडून, एका वाघानं गोठ्यात घुसून गाय मारली. मग एका माणसाच्या मागं लागला, तो झाडावर चढून वाचला. खात्यानं त्याले इंजेक्शन मारून धरलं. नर आहे. म्हातारा. त्याची उजवी कूस पाह्यली तर बरगडीवर तोच फाटा. मोनाली मॅडम घरी आली, पायरीवर बसली आणि सांगतलं. मग म्हणे, "उद्या त्याले नागपूरले नेतात. तुम्हाले पाहायचं असलं तर लांबून पाहता येईन. जबरदस्ती नाई."

मी काही म्हणायच्या आधी माय आतून चप्पल घालून आली.

पिंजरा नागभीडले खात्याच्या आवारात ट्रकवर होता, हिरवी जाळी टाकलेली. डॉक्टर होते, पाच-सहा माणसं होती, कोणी तरी चहा पीत होतं. जाळी एका बाजूनं वर केली. तो बसला होता. वरचा एक सुळा तुटलेला, मानेचे केस झडलेले, डोळ्याले पाणी. वास येत होता, ओल्या पोत्यासारखा. हातात मशीन होतं म्हणून मी सवयीनं डोळ्याले लावलं आणि कडं फिरवलं. नुसतं पिवळं आलं. मशीन पुढं-मागं करत राह्यलं, त्याले काही सापडेना. तो जवळ होता ना, बाई. लांबचं पाहणाऱ्या काचेले इतकं जवळचं दिसत नाई. मी कडं उलटं फिरवत गेली, पूर्ण मागं. तवा तो सगळा आला, गजासकट, बाजूले गार्डचे बूट आणि चहाचा कप. मी दाबलं. तो फोटो सोबत पाठवते. दुकानात मोठा करू नका.

माय किती वेळ पाहत राह्यली. मग मॅडमले विचारलं, "हाच होय?"

मॅडम म्हणे, "हो, आजी."

माय म्हणाली, "एवढाच?"

माय वळली आणि चालायले लागली. मी मागं गेली.

मले वाटलं होतं तिथी काही तरी होईन. सगळ्यांना तसंच वाटत असीन, म्हणून ते आमच्याकडं पाहून राह्यले होते. मले काही झालं नाई. ट्रक गेला, धूळ उडाली, तेवढंच.

नागभीडले बस यायले वेळ होता. स्टँडबाहेर एक जण भजे काढत होता. मायनं मले न विचारता घेतले, कागदात, आणि आम्ही बाकावर बसलो. मायनं तुमची गोष्ट काढली. म्हणाली, "वच्छलीनं मले तिकडं बोलावलं आहे."

मी म्हणलं, "माहीत आहे."

"तुले जायचं आहे का माहेरी?"

मी भजं उचललं आणि पूर्णच तोंडात टाकलं. कढईतून आत्ताच निघालेलं. जीभ पोळली, टाळू पोळला. मी थुंकू शकली नाई, गिळू शकली नाई. डोळ्यातून पाणी आलं. पहिले मले वाटलं तिखटाचं आहे, चटक्याचं आहे. मग ते थांबेना. बाई, मी स्टँडवर, माणसांत, तोंडात भजं घेऊन रडली. आवाज करून रडली. तेरवीले पण नाई रडली तशी. एक म्हातारा उठून दुसऱ्या बाकावर गेला.

मायनं मले उगी केलं नाई. पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वच्छलीले लिहून टाक, इथून कोणी कुठी जात नाई. तिलेच ये म्हणा."

मग कागदातलं दुसरं भजं तिनं तोडलं, अर्धं मले दिलं, आणि म्हणाली, "फुकून खाय."

तुमची
उर्वशी